एकोणीस नंबरची शांतता

व्हर्ना टिप्टनच्या शेडमध्ये कुणी रेडिओ घेऊन आलं की ती रेडिओकडे नंतर बघायची, आधी माणसाकडे.

"काय पाहिजे? लांब ऐकू जायला पाहिजे, की मोठं दिसायला पाहिजे?"

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आमच्या मिलर्स गॅप गावातल्या एकाही पुरुषाला आजवर कबूल करता आलेलं नाही. "लांब जायला," असं तो बुटाच्या टोकाकडे बघत पुटपुटायचा, आणि व्हर्ना समजून जायची की ह्याला रेडिओवरचा आवाजाचा जोर दाखवणारा काटा नाचताना बघायचाय.

सीबी रेडिओ ही तशी साधी वस्तू. गाडीत नाहीतर घरात बसवायचा, बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. परवाना नको, परीक्षा नको, म्हणून आमच्या अर्कान्सॉच्या डोंगरात ज्यांना दात आले होते त्यांच्याकडे सीबी होता आणि ज्यांचे पडले होते त्यांच्याकडे दोन होते. सरकारने प्रत्येकाला चार वॅटचा आवाज वाटून दिला होता. सरकारने वाटून दिलेली कुठलीही गोष्ट आमच्याकडे कुणाला पुरलेली नाही. मग रेडिओचे कान पिळून घ्यायला व्हर्नाकडे यायचं. ती झाकण उघडायची, आतल्या इवल्याशा स्क्रूंना इकडे पाव, तिकडे अर्धा वळसा द्यायची, आवाजाला लगाम घालणारा एक बारकासा भाग असतो तो चिमट्याने कापून टाकायची आणि म्हणायची, "बोल आता."

बोल म्हटल्यावर शहाणा माणूस 'हॅलो' म्हणेल. सीबीवाला म्हणत नाही. तो छाती भरून श्वास घेतो आणि "ऑऑऑऑडिओ!" अशी आरोळी ठोकतो, कारण त्या 'ऑ'ला काटा जितका उडतो तितका दुसऱ्या कशाला उडत नाही. व्हर्नाच्या शेडमधून दिवसभर या आरोळ्या यायच्या. नव्याने बदली होऊन आलेल्या पोस्टमनला कितीतरी दिवस वाटत होतं की आत दातांचा डॉक्टर बसतो.

ज्यांना नुसतंच मोठं दिसायचं असे त्यांच्यासाठी तिच्याकडे रामबाण उपाय होता. काट्याचा स्वतःचा एक वेगळा स्क्रू असतो. तो फिरवला की आवाज होता तिथेच राहतो आणि काटा मात्र माकडउड्या मारतो. डुइट मॅशबर्न म्हणून कोंबड्यांच्या ट्रकवर आयुष्य काढलेला एक म्हातारा होता. रेडिओवर त्याचं नाव 'थोरला बेडूक'. (रेडिओवर स्वतःच्या नावाने कुणी बोलत नाही. व्हर्नाचं नाव होतं 'गांधीलमाशी', आणि तिला एकदा भेटलेल्या माणसाला त्याचं कारण विचारावं लागत नसे.) तर या बेडकाच्या रेडिओचा तिने फक्त काट्याचा स्क्रू फिरवून दिला, आणि त्याने गावभर सांगितलं की मिस व्हर्नाने आपला आवाज ओक्लाहोमाच्या पार नेला. पुढच्याच आठवड्यात आकाशाची मर्जी फिरली. कधी कधी वरची हवाच अशी होते की आवाज तिला आपटून शेकडो मैलांवर जाऊन पडतो. बेडूक खरोखरच नेब्रास्कातल्या कुणाशी तरी गव्हाच्या पिकाबद्दल गप्पा मारून बसला. तळलेल्या कॅटफिशचं पातेलं घेऊन तो व्हर्नाच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. व्हर्नाने चेहऱ्यावरची रेषही न हलवता पातेलं घेतलं.

ही विद्या ती नवऱ्याच्या हाताखाली शिकली. रॉइसचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. तो टीव्हीच्या पोटात डोकं घालायचा आणि ही दिवा धरायची; हळूहळू दिवा तो धरायला लागला. लिनेट दुसरीत असताना रॉइस एका रविवारी जेवून आरामखुर्चीत टेकला तो उठलाच नाही. नंतर लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी फेकून द्यायला लागले, तेव्हा व्हर्नाने हायवेवरच्या ट्रकवाल्यांकडे मोर्चा वळवला आणि त्यांच्या रेडिओंवर पोरीला वाढवलं.

तेव्हापासून तिला एक रोग जडला. लिनेट नजरेआड झाली की हिचे कान दाराकडे लागायचे. काळजी वाटली की दुसऱ्या आया स्वेटर विणतात, देवाचं नाव घेतात. व्हर्ना सोल्डरिंगची कांडी तापवायची. लिनेट सायकल शिकली तेव्हा तिच्या दप्तरात हातरेडिओ होता. गाडी शिकली तेव्हा गाडीत असा रेडिओ बसवला की तीन परगण्यांतल्या कुणालाही तिची हाक ऐकू जावी. लिनेटने एकदाही हाक मारली नाही. पण हायवेवरचा प्रत्येक ट्रकवाला तिचा मामा झाला होता. सोळाव्या वर्षी ती एका मुलाबरोबर पहिल्यांदा नदीकाठी गेली, आणि मुलगा धीर एकवटून तिचा हात धरणार इतक्यात गाडीतला रेडिओ खणखणीत आवाजात बोलला:

"गांधीलमाशी, गांधीलमाशी, तुझी पोर पुलाखाली आहे. मुलगा दिसायला बरा आहे. गाडीची मागची काच फुटकी आहे, तेवढं विचार."

तो मुलगा पुन्हा दिसला नाही. लिनेटने त्या दिवसापासून रेडिओशी वैर धरलं.

म्हणून जेव्हा क्लेटन पेटिग्रूने तिला मागणी घातली तेव्हा आनंदाच्या भरातही तिच्या मनात पहिला विचार आला तो चर्चमधल्या स्पीकरचा.

आमच्या बॅप्टिस्ट चर्चमधले स्पीकर क्लेटनच्या आईने, मिस ऑड्री पेटिग्रूने, दिवंगत नवऱ्याच्या स्मरणार्थ दिलेले. मोठे, चकचकीत, वर पितळी पाटी. त्यांना एकच खोड होती. आसपास कुणी कान पिळलेल्या रेडिओवर बोललं की ते सगळं त्यांच्यातून बाहेर पडायचं. गेल्या ईस्टरला ब्रदर हॉलिस, म्हणजे आमचे पाद्री, हात वर करून विचारत होते, "आणि त्या रिकाम्या कबरीपाशी बसलेल्या देवदूताने त्या बायांना काय सांगितलं?" तर पितळी पाटीच्या खालून उत्तर आलं, "ऑऑऑऑडिओ!"

मिस ऑड्रीच्या मते दोष व्हर्नाचा. व्हर्नाच्या मते दोष स्पीकरच्या तारांचा. "मी दुपारभरात बंदोबस्त करते," ती म्हणालीही होती, "प्रत्येक तारेला रेडिओचा आवाज अडवणारी एकेक कडी घालायची, संपलं."

"माझ्या नवऱ्याच्या स्मृतीला कुणी स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही," मिस ऑड्री म्हणाली. ती नाकात बोलायची, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य वरच्या मजल्यावरून आल्यासारखं वाटायचं.

लग्नाच्या आधी स्वयंपाकघरात मायलेकी रिबिनींची फुलं करत बसल्या होत्या तेव्हा लिनेटने विषय काढला. आवाज चढवला नाही, आणि व्हर्ना त्यानेच घाबरली.

"मॉमा, एक सांगायचंय. माझ्या लग्नात रेडिओ नको."

"अगं, मी काय हातात घेऊन येणारे का?"

"हातात नाही. स्पीकरमधून. बेडूक नको, तो पंपावरचा गंजका खिळा नको, कुणी नको. माझ्या शाळेच्या नाटकात आले. आजीच्या अंत्यविधीला आले. ह्या एका दिवशी मला फक्त ब्रदर हॉलिस ऐकू यायला हवेत."

"मग स्पीकर बंद ठेवायला सांग."

"मिस ऑड्रीला? तू सांगतेस?" लिनेटने रिबीन खाली ठेवली. "आम्ही लिटल रॉकला राहायला जाणार आहोत. नाताळला क्लेटनच्या आईकडे जायचं की तुझ्याकडे, हे अजून ठरलेलं नाही. हे ऐकून काय ठरवायचं ते ठरव. मला धमकी द्यायची नाहीये, मॉमा. पण जन्मभर मला वाटत आलंय की आपल्या घरात तू, मी आणि अख्खा हायवे राहतो. एक तास तरी नुसती माझी आई होऊन बस."

व्हर्नाने मान डोलावली. रात्रभर तिला झोप लागली नाही. लेक राज्याच्या राजधानीत, लिटल रॉकला गेली तर नाताळचा एक दिवस उरणार होता, आणि तोही आता एका स्पीकरच्या तारेला लटकला होता.

उपाय एकच होता: माणसंच गप्प करायची. आठवडाभर तिने एकोणीस नंबरवर (सीबीला चाळीस वाटा असतात, पण हायवेवरची सगळी वस्ती एकोणीसवर) रोज बजावलं. "पोरांनो, शनिवारी दुपारी माझ्या लिनेटचं लग्न. चर्चचा घंटानाद ऐकला की बटणावरून अंगठा काढायचा, आणि परत घंटा होईपर्यंत लावायचा नाही. खोकलासुद्धा नको. ज्याचा आवाज आला त्याचा रेडिओ मी जन्मात उघडणार नाही."

"काळजीच करू नकोस, गांधीलमाशी," बेडूक म्हणाला. "मी स्वतः लक्ष ठेवतो."

"मीपण ठेवतो," गंजका खिळा म्हणाला. हा पेट्रोल पंपावर काम करायचा. खरं नाव कुणाला आठवत नव्हतं, त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं.

व्हर्नाला गहिवरून आलं. ही माणसं अर्ध्या रात्री बर्फातून कुणाला चाक नेऊन देतील. एक तास गप्प बसणं म्हणजे काय मोठं!

शनिवारी लग्नाला गाव लोटलं. व्हर्नाने फिकट जांभळा झगा घातला होता आणि त्यात ती कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या पडद्यासारखी दिसते असं तिचं तिलाच वाटत होतं. तिची लांबलचक स्टेशन वॅगन, छतावरच्या तितक्याच लांब अँटेनासकट, लिनेटच्या हुकमावरून समोर न लावता चर्चच्या मागे, कचऱ्याच्या पेट्यांजवळ उभी होती. सकाळपासून व्हर्नाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. पहिल्या बाकावर ती एकटी बसली. पलीकडच्या बाकावर मिस ऑड्री, मोत्याच्या रंगाच्या टोपीत.

घंटा झाली. ऑर्गन वाजला. लिनेट काकाच्या हाताला धरून आत आली, आणि व्हर्नाला रॉइसचा तो सरळ नाकाचा चेहरा चालत येताना दिसला. स्पीकर गप्प होते. ब्रदर हॉलिसनी घसा साफ केला.

"प्रियजनहो, आज आपण इथे..."

"ब्रेक एकोणीस," म्हणजे एकोणीसवर मला बोलू द्या, असं स्पीकर म्हणाला. "सगळ्यांनी नीट ऐका. थोरला बेडूक बोलतोय. घंटा झालेली आहे. लग्न सुरू झालेलं आहे. आता कुणीही बोलायचं नाही."

चर्चमध्ये दोनशे माना वर गेल्या. ब्रदर हॉलिस थांबले. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं.

"मग तू का बोलतोयस?" स्पीकरने विचारलं. हा आवाज गंजक्या खिळ्याचा.

"मी बोलत नाहीये. मी सांगतोय."

"मला माहीतच होतं. मला सांगायची गरज नव्हती."

"तुला नाही सांगितलं. बाकीच्यांना सांगितलं."

"बाकीचे गप्पच आहेत, तूच एकटा बडबडतोयस. शांत बस."

"तू शांत बस म्हणायचं थांब, म्हणजे मी बसतो."

मागच्या बाकांवरून कुणीतरी फसफसलं. व्हर्नाने मान खाली घातली. झग्याचा जांभळा रंग तिच्या कानांपर्यंत चढला होता.

"प्रियजनहो," ब्रदर हॉलिस नेटाने म्हणाले.

आणि तेवढ्यात हायवेवरून, वर्षानुवर्षं इथून ये-जा करणारा परगावचा एक ट्रकवाला चालला होता. आठवडाभरातलं एकही बजावणं त्याने ऐकलेलं नव्हतं. "रेडिओ चेक, रेडिओ चेक," तो म्हणाला. "बिस्किट बोलतोय. कुणी ऐकतंय का?"

माझा आवाज येतो का, असं रेडिओवर कुणी विचारलं तर उत्तर न देणं हे आमच्याकडे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं आहे. व्हर्नाने मनातल्या मनात देवाचा धावा केला: नको, बेडका, नको.

"ऐकतोय," बेडूक दबक्या आवाजात म्हणाला. तो दबका आवाज पितळी पाटीखालून गडगडत बाहेर आला. "छान येतोयस. पण आज बोलायचं नाही."

"का?"

"लग्न आहे."

"अरे वा! कुणाचं?"

"गांधीलमाशीच्या पोरीचं."

"ती पुलाखालची?" बिस्किटाने आनंदाने विचारलं. "मुलगा कोण? तोच का, फुटक्या काचेचा?"

"नाही रे, हा पेटिग्रूंचा. कोंबड्यांच्या खाद्याची गिरणी नाही का..."

"हां हां. ज्याची आई नाकात बोलते तो?"

मिस ऑड्रीची टोपी हलली नाही. टोपीखालचा भाग मात्र हळूहळू टोपीवरच्या गुलाबाच्या रंगाचा झाला. क्लेटन बिचारा, त्याने बुटांकडे बघायला सुरुवात केली. आणि लिनेटने मान वळवली. आईकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर व्हर्नाला सोसला असता. ती नजर रिकाम्या गाडीकडे बघावं तशी होती.

व्हर्ना उठली. सगळ्या गावासमोर, ब्रदर हॉलिसच्या उघड्या तोंडासमोरून, बाजूच्या दाराने बाहेर पडली.

ती वॅगनपाशी पोचली तेव्हा धापा टाकत होती. आत बसून तिने दार ओढलं, रेडिओ लावला. आत बेडूक बिस्किटाला सांगत होता की केक कुणी केलाय. तिने माईक उचलला. जन्मभर साठवलेल्या सगळ्या शिव्या जिभेच्या टोकावर गोळा झाल्या. तिने बटण दाबलं.

आणि तोंड उघडं ठेवूनच ती थिजली.

ही भिंत. हिच्या पलीकडे लगेच व्यासपीठ. हा रेडिओ म्हणजे तिच्या हातून घडलेला सगळ्यात ताकदीचा रेडिओ. इथे ती जे बोलेल ते पेटिग्रूंच्या स्मृतीतून असं बाहेर पडेल की चर्चचं छप्पर उडेल. त्यांना गप्प करायचं तर बोलावं लागणार, आणि बोललं तर लेकीच्या लग्नात शेवटचा आवाज रेडिओचाच.

अंगठा बटणावरच होता. ती काही बोलत नव्हती. आणि मग तिच्या ध्यानात आलं की हेच तर हवंय. एकोणीस नंबरवर सगळ्यात बलवान रेडिओचं बटण दाबलेलं असताना बाकीच्यांचं तिथे काही चालत नाही. बेडूक कितीही ओरडला तरी त्याचा आवाज तिच्या मुक्या लाटेखाली दबून जाणार. नुसतं बटण दाबून धरायचं आणि बोलायचं नाही. रेडिओवरच्या लोकांना याचा भयंकर तिटकारा आहे. गप्प बसून वाट अडवणाऱ्याला ते चोराहून वाईट समजतात. व्हर्नाने स्वतः या गुन्ह्यासाठी माणसांना शेडमधून हाकललं होतं.

तिने अंगठा घट्ट दाबला आणि सीटवर मागे टेकली.

पण एकदा दाबलेलं आता सोडता येत नव्हतं. सोडलं की लगेच सगळे विचारणार, कोण होतं रे ते? तेव्हा लग्न पूर्ण लागेपर्यंत तिला इथेच बसायचं होतं. चर्चच्या खिडक्या रंगीत काचांच्या, आणि उन्हाळा म्हणून बंद. आतलं काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. बटण दाबलेलं असल्यामुळे रेडिओसुद्धा मुका. समोर एअरकंडिशनरचं पाणी थेंब थेंब गळत होतं आणि कचऱ्याच्या पेटीवर एक मांजर पाय चाटत होतं.

आत्ता अंगठ्या असतील, तिने अंदाज बांधला. नाही, आत्ता ब्रदर हॉलिस सहनशीलतेबद्दल सांगत असतील. ते तिथे फार रेंगाळतात. आत्ता लिनेट बोलत असेल. तिला घाई झाली की ती शब्द गिळते, हळू बोल म्हणावं. लहानपणी ही पोर झोपली की व्हर्ना दाराशी उभी राहून तिचा श्वास ऐकायची. चालू आहे ना, एवढंच बघायला. आणि आज सगळा गाव तिचा आवाज ऐकत होता आणि आई तेवढी भिंतीच्या अलीकडे.

नाकातून पाणी यायला लागलं. रुमाल पर्समध्ये, पर्स आत बाकावर. तिने नाक वर ओढलं. पोटात भूक गुरगुरली. नाक पुन्हा ओढलं. गाडीत भट्टीसारखं तापलं होतं, काच खाली करायचा दांडा माईक धरलेल्या हाताच्या बाजूला होता, आणि घाम डोळ्यांत जाऊन आसवांना मिळत होता. पण तिने तोंडातून शब्द काढला नाही. आयुष्यात इतका वेळ ती जागेपणी कधीच गप्प बसलेली नव्हती.

घंटा झाली. व्हर्नाने ऐकली, पण अंगठा उचलायचा तिला धीर होईना. घंटेचा आवाज थांबला तरी ती तशीच बसून राहिली. मग गाडीचं पलीकडचं दार उघडलं आणि आत आधी पांढऱ्या कापडाचा ढीग आला, त्याच्यामागून लिनेट.

लिनेटने माईककडे बोट केलं. "सोड आता."

व्हर्नाने मान हलवली. अंगठा हलत नव्हता. वळ येऊन पांढरा पडला होता. लिनेटने आईची बोटं एकेक करून उचकटली आणि माईक स्वतःच्या मांडीवर ठेवला.

"मी एक अक्षर बोलले नाही, बाळा," व्हर्ना घाईघाईने म्हणाली. "मी आल्यावर तरी कुणाचा आवाज आला नाही ना?"

"तुझा आला."

"मी बोललेच नाही!"

"बोलली नाहीस. मॉमा, ह्या माईकची ताकद किती वाढवून ठेवली आहेस तू?"

व्हर्नाने माईककडे बघितलं. अंगणात कोंबडीने पंख झाडले तरी काटा हलावा, अशी तिने स्वतः त्याची तब्येत करून ठेवलेली होती.

"तू उठून गेलीस तेव्हा मला वाटलं, झालं, गेली त्यांच्याशी भांडायला. आमच्या लग्नात पण तिला हायवेच महत्त्वाचा," लिनेट म्हणाली. "मी ठरवलं होतं, मॉमा. तिथे उभ्याउभ्या ठरवलं होतं, नाताळला यायचंच नाही. आणि मग वरून श्वास ऐकू यायला लागला. ब्रदर हॉलिस घाबरून वर बघायला लागले. त्यांना वाटलं, प्रभूच आला. क्लेटन म्हणाला, हे काय आहे? मी म्हटलं, ही माझी आई आहे."

"कशावरून कळलं?"

"जन्मभर दाराशी कोण उभं राहायचं? मला काय झोप लागायची का तेव्हा?" लिनेटने डोळे पुसले आणि पापणीचं काजळ गालावर पसरवून घेतलं. "मग तू नाक ओढलंस. सुर्रर्र. मी 'हो' म्हणणार तेवढ्यात. म्हणून मी थांबले, तुझं होऊ दिलं. लोकांना वाटलं मी विचार बदलतेय, क्लेटनला घाम फुटला. मग तुझं पोट वाजलं. तेव्हा मिस ऑड्री मोठ्याने म्हणाली, त्या बाईला कुणीतरी सँडविच नेऊन द्या."

"नाकात म्हणाली?"

"नाकात म्हणाली. आणि माझ्याआधी तीच हसायला लागली."

व्हर्नाला हसू की रडू कळेना, तिने दोन्ही सुरू केलं. लिनेटने झग्याचा घोळ आवरून दार लावून घेतलं आणि ती एका हाताने आईचा वळ पडलेला अंगठा चोळायला लागली.

"नाताळला आम्ही येऊ," ती म्हणाली. "सकाळी मिस ऑड्रीकडे आणि जेवायला तुझ्याकडे. पण ह्या माईकची ताकद मला उतरवून दाखवायची. माझ्यासमोर. काट्याचा स्क्रू फिरवून नाही."

"तुला काट्याचं माहीत आहे?"

"मॉमा, सगळ्या गावाला माहीत आहे. फक्त बेडकाला नाही."

बटण सुटल्यामुळे रेडिओ केव्हाचा बोलायला लागला होता. "कोण होतं रे ते मघाशी? आमची वाट अडवून बसलं होतं?" "हरामखोर कुठला, ऐन लग्नात." "गांधीलमाशीला कळलं तर जिवंत सोडणार नाही त्याला." "झालं का लग्न? कुणी सांगेल का? शांत राहिलं ना सगळं?"

लिनेटने माईक उचलला. आयुष्यात पहिल्यांदा, आपण होऊन.

"लग्न लागलं," ती म्हणाली. "तुम्ही सगळे फार शांत राहिलात. आता बोला."

त्यावर सगळे एकदम बोलले, आणि आवाजावर आवाज आदळून रेडिओ किंचाळला. त्या किंकाळीत शुभेच्छा कुठली, बेडूक कुठला, बिस्किट कुठलं, काही कळायला मार्ग नव्हता. आणि भिंतीच्या पलीकडून, केक कापायला जमलेल्या पाहुण्यांच्या डोक्यावर, तीच किंकाळी पितळी पाटीखालून फुटल्याचा आवाज आला, आणि त्याच्यावर ताण करून मिस ऑड्रीचा:

"व्हर्ना! उद्या तुझा तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये!"